नाक गेल्यावर

गल्लीत तिला सगळे ‘घरचंचकाकू’ म्हणायचे. तिच्याकडे काही खाल्लं आणि कुठून आणलं असं कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं: “आणायचं कुठून? घरचंच आहे!” पीठ घरी दळलेलं, लोणी घरी काढलेलं, साबण घरचा, अंगातला स्वेटरही घरचाच. पावासाठीचं आंबवण आजीकडून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आलं होतं. सासरी येताना तिनं ते भांडं तान्ह्या बाळासारखं मांडीवर धरून आणलं होतं. त्यातलं थोडं पिठात कालवायचं, थोडं पुढच्या खेपेला राखायचं. त्याच आंबवणाच्या पावावर मुलगा लहानाचा मोठा झाला.

काका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर तेही तिच्या नादी लागले. लाकडाच्या पळ्या कोरायचे, फाटक्या खुर्च्या वेतानं विणायचे. “आपल्याला बघितलं की दुकानदार तोंड फिरवतात,” असं कौतुकानं सांगायचे.

काकूच्या स्वयंपाकघरात काटा नव्हता की माप नव्हतं. सगळा कारभार नाकावर. लोणी कढायला ठेवून ती बाहेरच्या खोलीत विणत बसायची आणि नेमकी वेळेवर उठून गॅस बंद करायची. मिठात मुरवलेल्या भाज्यांच्या बरणीचं झाकण किलकिलं करून हुंगायची आणि म्हणायची, “अजून कच्चं आहे.” सून गमतीनं म्हणायची, “आईंच्या नाकाला एक खुर्ची द्या, तेच घर चालवतंय.”

त्या हिवाळ्यात घरात सगळ्यांना ताप आला. सगळे उठले, तीही उठली. मग एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं. सुनेनं आतून धावत येऊन गॅस बंद केला, तेव्हा काकू शेगडीला खेटून भाजी चिरत होती.

“आई, वास नाही आला?”

“लक्ष नव्हतं गं.”

लक्ष होतं. दुपारी घरात कुणी नाही असं बघून तिनं लसूण ठेचला आणि नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. साबण हुंगला. आंबवणाच्या भांड्यात तोंड घातलं. जसं काही नुसतं पाणीच हुंगतेय. एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, “काहींचं परत येतं, काहींचं नाही. वाट बघायची.” घरी तिनं सांगितलं, सर्दी आहे.

वाट बघता बघता ती डोळ्यांवर आणि बोटांवर काम रेटू लागली. रंग बघायची, फुगवटा दाबून बघायची. मीठ कधी दुप्पट पडायचं, कधी पडायचंच नाही. मुलगा ताट अर्धवट टाकून उठायचा. काका मात्र सगळं संपवायचे आणि ताट पुसून ठेवायचे.

एका संध्याकाळी तिनं मुरलेल्या भाज्यांची नवी बरणी उघडली. पाणी नितळ होतं, रंग चांगला होता. मुलगा-सून नातवाला घेऊन बाहेर गेले होते. तिनं काकांना वाढलं आणि समोर बसली. त्यांनी पहिला घास तोंडाशी नेला, क्षणभर थांबले आणि खाल्ला. मग उरलेलंही खाल्लं.

पहाटेपर्यंत त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. मूत्रपिंडं आधीच नाजूक होती, ती आता निकामी झाली. शुद्धीवर आले तेव्हा ती खाटेशेजारी बसली होती.

“वास येत होता ना त्याला?” तिनं विचारलं.

त्यांनी पांघरूण वर ओढलं.

“येत होता ना?”

“येत होता.”

“मग खाल्लंत कशाला?”

“तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस,” ते म्हणाले. “दूध करपलं त्या दिवसापासून मला ठाऊक आहे.”

ती त्यांच्यावर ओरडणार होती. पण शेजारच्या खाटेवर कुणीतरी झोपलं होतं.

घरी आल्यावर मुलानं बरण्या खाली घेतल्या. काकूनं स्वतः एकेक झाकण उघडून दिलं आणि त्यानं सगळं मोरीत ओतलं. सुनेला वाईट वाटलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही सांगा, मी वास घेते. शिकवा मला.” काही दिवस दोघी शेगडीपाशी उभ्या राहिल्या.

“आता कसा वास येतोय?”

“लोण्यासारखा.”

“कसल्या लोण्यासारखा?”

“म्हणजे… लोण्यासारखाच.”

“खमंग होत चाललाय की नुसता गोड?”

“दोन्ही असेल. तुम्ही कशावरून ओळखायचात?”

काकूनं पुष्कळ आठवून बघितलं. “आला की कळायचं,” ती म्हणाली. लोणी करपलं. सुनेची नोकरी होती, घरचं सगळं होतं. तिचं शेगडीपाशी येणं हळूहळू कमी झालं. आंबवणावर गुलाबी बुरशी धरली, तीही मुलाच्याच नजरेला पडली. त्यानं भांडं घासून फडताळात पालथं घातलं.

काका पुन्हा सावरले नाहीत. अळणी, मोजून दिलेलं खायचे. शेवटी शेवटी तेही जाईना. एक दिवस म्हणाले, “तुझा पाव खावासा वाटतो.”

आंबवण गेलेलं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली म्हणून दुकानदार उठून उभा राहिला. तिनं पाव घेतला, घरी येऊन कागद काढला, तव्यावर गरम केला आणि मऊ भाग काढून त्यांच्या तोंडात घातला.

त्यांनी बराच वेळ चघळला. “छान झालाय,” म्हणाले.

तिनं मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, दुसरा घास घेतला नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

आता स्वयंपाक सून करते. पाकिटातलं सूप, बाजारचा पाव, काय मिळेल ते. ताट समोर आलं की काकू जेवते. “मीठ बरोबर आहे ना?” सून विचारते. “बरोबर आहे,” ती सांगते. हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून ती नातवासाठी स्वेटर विणते. तो एकदा अंगात चढवतो आणि म्हणतो, “आजी, टोचतो गं.”