बांधावरचा पिंपळ

श्रावणातली सकाळ. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. नुसता चिकट उकाडा. मोर्शीजवळच्या आपल्या बागेत शेषराव गळलेली हिरवी संत्री टोपलीत वेचत होते. एक उचलावं, तर मागं दुसरं टपकन पडे. सारा जन्म याच बागेत गेलेला. कोणतं झाड कधी रुसतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. बांधापलीकडच्या माणसाला मात्र त्यांनी कधी धड ओळखलं नव्हतं.

पलीकडची बाग नत्थुजींची. एसटीत कंडक्टर होते, बौद्ध माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाग घेतली आणि सगळ्यात आधी बांधावर पिंपळ लावला. काल पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी त्या पिंपळाखाली पांढऱ्या कपड्यांतली पाच-सात माणसं बसली होती. मेणबत्त्या लावून काहीतरी म्हणत होती. शेषरावांना एक शब्द उमगला नाही. पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, "करणी असन बाप्पा!"

घरी बायकोनं, दुर्गाबाईंनी, ते पक्कंच धरलं. "त्याईचं झाड वाढून राहिलं अन् आपली रिकामी होऊन राहिली. तुमी बसा पाहात!"

शेषरावांनी टोपली ठेवली, कुऱ्हाड उचलली आणि तावातावानं बांधावर गेले. पाहतात तर काय, पलीकडं नत्थुजीही टोपली घेऊन वाकलेले. टोपली हिरव्या फळांनी भरलेली.

"तुमचीबी गळून राहिली?" शेषरावांच्या तोंडून निघून गेलं.

"मंग? माही झाडं का वेगळी हायेत?" नत्थुजींनी कंबर सरळ केली. "कुऱ्हाड कायले आनली?"

"काई नाई... फांद्या." शेषराव अडखळले. "पन काल इथं काय करून राहिले होते तुमी?"

"वंदना घेतली. अशाच झाडाखाली बुद्धाले ज्ञान झालं, म्हनून आमाले ह्या पिंपळाचं अप्रूप. तुमाले काय वाटलं?"

शेषरावांनी पिंपळाकडं पाहिलं. त्यांची माय सोमवती अवसेला मारुतीजवळच्या पिंपळाला फेऱ्या घालायची. तोच पिंपळ इथं येऊन करणीचा कसा झाला?

"आता माह्या सवालाचं उत्तर द्या," नत्थुजी म्हणाले. "दर अवसेले बांधावर कुंकू लावलेलं लिंबू कोन ठेवते? सून नातवाले इकडं फिरकू देत नाई. म्हंते, हे लोकं आपल्याले हाकलाले बसले."

"अरे बाप्पा! ते तं दुर्गी ठेवते. माही मायबी ठेवे. बागेले नजर लागू नये म्हनून."

"कोनाची नजर, भाऊ?"

शेषराव मागचं आठवू लागले. मायच्या वेळी बांधापलीकडं नुसतं पडीक रान होतं. तेव्हा कोणाची नजर होती? अन् आता कोणाची? गुंता सुटेना. पिंपळाची पानं वारा नसतानाही हलत होती. त्यात भिण्यासारखं काही दिसेना, अन् राग कुठं ठेवावा तेही कळेना.

"मंग हे गळून काहून राहिलं, नत्थुजी?"

"मले ठाव असतं तं मी वाकलो असतो का?"

मागं शेषरावांच्या बागेत पुन्हा टपकन आवाज झाला. कुऱ्हाड बगलेत मारून ते परतले, ती झाडाच्या खोडाशी टेकवली, टोपली ओढली आणि वाकून वेचू लागले.