कुसाबाईने मशेरी सोडली

सन चौतीसच्या डिसेंबरात शरणपूरच्या कुसाबाईने मशेरी सोडली, आणि ही बातमी तिथल्या ख्रिस्ती वस्तीभर फिरायला एक दुपारसुद्धा लागली नाही. नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, म्हणजे आगमनकाळाच्या, पहिल्या रविवारी पाद्रीसाहेब म्हणाले होते, "नाताळाआधी घर सारवता, तसं मनही सारवा. जिवाला प्रिय असं काहीतरी प्रभूसाठी सोडा." बाईने घरी येताच मशेरीची डबी फडताळात वरच्या फळीवर ठेवली. "आता नाताळालाच खाली येईल," म्हणाली.

कुसाबाई शब्दाची पक्की. पण मशेरीवाचून तिचं डोकं असं भणभणू लागलं की घरादाराला पळता भुई थोडी झाली. नवरा सावळीराम आणि मुलगा चंदर उजाडताच कामावर सटकत. कोंबड्याही शेजारच्या अंगणात जाऊन बसत. तावडीत सापडे ती नवी सून, साळू.

साळूचा सासरचा हा पहिलाच नाताळ. फराळाचं करायला आळीतल्या बायका जमल्या, तेव्हा तिने मनमाडला आईकडे शिकलेली मुरड करंजीला घातली. कुसाबाईने ती करंजी सगळ्यांदेखत उचलून धरली. "ही करंजी हाय का जुनी चप्पल? आईनं हेच शिकवलं व्हय?"

बायका हसल्या. साळूचे डोळे भरले. संध्याकाळी ती एवढंच बोलली, "आत्याबाई, नाताळाला मी माहेरी जाते."

कुसाबाईच्या काळजात चर्र झालं. त्यात सावळीरामने मीठ चोळलं. "देवाला मशेरी दिली आन् पोरीला चटके! लय भारी उपास तुझा."

तिला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. डबी काढली की डोकं ताळ्यावर येईल, असं वाटून तिने फळीकडे हातही नेला. पण सुनेला बोलली होती ती मशेरी नव्हे, बोलली होती कुसाबाई. तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा जमल्या. कुसाबाई पोळपाट घेऊन साळूशेजारी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साळू, माझं चुकलं. तुझ्या आईची मुरड मला शिकव."

सासूने सुनेची माफी मागितलेली कुणी पाहिली होती? लाटणी जागच्या जागी थांबली. साळूने सासूचा अंगठा धरून मुरड घालून दाखवली. कुसाबाईची पहिली करंजी मात्र हुबेहूब चप्पल झाली.

"आत्याबाई, आता दुसऱ्या पायाची करा," साळू म्हणाली. सगळ्यांत मोठ्याने हसली ती कुसाबाईच. माहेरी जायचा विषय पुन्हा निघाला नाही.

नाताळच्या सकाळी दोघींनी ख्रिस्ताच्या देवळात शेजारी शेजारी गुडघे टेकून पाद्रीसाहेबांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेतली. घरी येताच साळूने डबी काढून सासूपुढे धरली. "घ्या आत्याबाई, सुटला उपास."

कुसाबाईने डबी उघडली, डोळे मिटून हुंगली आणि परत दिली. "ठेव वर. मशेरी सोडणं सोपं हाय. माझं तोंड आवरायचं ऱ्हायलंय अजून." मग फराळाच्या डब्यात शोधून तिने स्वतःची ती वाकडी करंजी बाहेर काढली, मधोमध मोडली आणि अर्धी साळूच्या हातावर ठेवली.

"उपास हिच्यावर सोडू."