डावा कौल

हे मी अजून कुणाजवळ बोललेलं नाही. देवीजवळही नाही. तिला काय सांगणार? तिच्यासमोरच तर केलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, लिहायला वेळ लागतो. त्यात बाहेर गाडी थांबली की हात थांबतो. आत्ताही थांबला होता — शेजारची निघाली.

वैशूला कडेवर घेऊन मी ऑकलंडला आले. तिचे बाबा इथे हॉटेलात आचारी होते. वैशू शाळेत जायला लागली आणि ते वारले, त्यांच्या नोकरीवर मिळालेला आमचा व्हिसाही संपला. मी परत गेले नाही, लपून राहिले. वैशूला हे मी कधी सांगितलेलं नाही. पासपोर्ट विचारला की मी म्हणते, गावी काकांकडे आहे. शाळेत नाव आधीच घातलेलं होतं, पुन्हा कुणी विचारलं नाही. मला वाटलं, असंच चालेल. का वाटलं?

शाळेचं शेवटचं वर्ष आलं. तिला नर्स व्हायचं होतं, इथल्याच अल्बनीच्या कॉलेजात शिकायचं होतं. त्याच दिवसांत, मी ओटाहुहुला ज्या डब्यांच्या किचनमध्ये काम करते, तिथे व्हिसा नसलेल्या एका मुलाची बातमी निघाली. मालकीणबाई अनघाताई म्हणाल्या, "व्हिसा नाही आणि युनिव्हर्सिटी हवी! आम्ही नाही का रांगेत उभे राहिलो?"

कोथिंबीर निवडता निवडता माझ्याबरोबरची नंदा म्हणाली, "ताई, पोरगं काय स्वतः विमान चालवत आलं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. 

मग अर्जावर पासपोर्टची जागा कोरी बघून वैशूच्या शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला — आईला घेऊन ये, व्हिसाची अडचण असेल तर बोलू, लहानपणी आणलेल्या मुलांचं सरकार कधी कधी ऐकतं.

मी म्हटलं, "बाईंकडे जायचं की नाही, आधी देवीला कौल लावू."

आमच्या कोकणात लावतात. देवीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वैशू माझ्याशी इंग्रजीत बोलते, पण देवीसमोर आली की माझ्यासारखीच डोळे मिटते.

तिने डोळे मिटले होते. मी उजव्या पाकळीला मध लावला.

डावी पडली.

"शी सेड नो, मम?" एवढंच विचारलं तिने. रडलीही नाही. बाईंना नाही म्हणून सांगून आली. आता माझ्याशेजारी कांदे चिरते. अनघाताई आम्हाला व्हिसा विचारत नाहीत.

मी कुणासाठी घाबरले? तिच्यासाठी, असं मी मनात खूपदा म्हणून पाहिलं. खरं नाही ते. तिला कदाचित इथे राहू दिलं असतं. मला परत पाठवलं असतं. मला एकटीला जायचं नव्हतं — म्हणून मी तिला अडवलं.

परवा रविवारी न्हाऊन आल्यावर वैशूने स्वतःच जास्वंदीच्या पाकळ्या आणल्या, स्वतःच लावल्या. प्रश्न तोच. मी दारात उभी होते.

उजवी पडली.

"मम! उजवी!" — मराठीत ओरडली ती.

आणि मी म्हटलं, "एकाच गोष्टीचा कौल दुसऱ्यांदा घेत नाहीत गं."

असा काही नियम नाही. तो मी तिथे, दारात उभ्या उभ्या केला.

 ती "ओके" म्हणाली, पडलेली पाकळी उचलून देवीच्या पायाशी ठेवली, आणि कामावर जायचे बूट घालायला लागली.