हिरव्या स्कार्फची गाठ

आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि सरकारनं आम्हाला मुळशीतल्याच दुसऱ्या एका गावाच्या माळावर आणून टाकलं. तिथले लोक आम्हाला ‘धरणवाले’ म्हणत. गावच्या विहिरीवर आम्हाला बंदी होती. आमच्या आया ओढ्यात खड्डे खणून वाटीवाटीनं हंडे भरायच्या.

आमच्यातच एक गुरुजी होते. पुण्यात शिकताना ते स्काऊट झाले होते. त्यांनी माळावर आम्हा पोरापोरींचं पथक काढलं. गणवेश कुणाकडेच नव्हता, म्हणून त्यांच्या बायकोनं आपलं हिरवं लुगडं फाडून सगळ्यांना स्कार्फ शिवले. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसभरात एक सत्कृत्य केलं की सोडायची, असा नियम. माळावर रोज सत्कृत्यं आणायची कुठून? वस्तीवरच्या आंधळ्या आजीला जो तो हात धरून फिरवायचा. ती वैतागून शिव्या द्यायची.

वैशाखात विहिरीनं तळ गाठला. गुरुजी म्हणाले, आपण गाळ काढू, सेवा बघून गाव पाघळेल, आपल्याला पाणी मिळेल. गावच्या पाटलांनी लगेच होकार दिला. फुकटचे हात कुणाला नको असतात? आमचे बाप पिरंगुटला कारखान्यांत रोजंदारीवर, तेव्हा खाली उतरलो आम्हीच. घमेली वर देऊन देऊन खांदे सोलले. काठावर बसलेले लोक कुठं गाळ राहिलाय ते दाखवत होते. एकानं त्यासाठी खडा मारला, तो माझ्या कपाळाला लागला. सगळे हसले.

संध्याकाळी झरे मोकळे झाले, पाणी चढू लागलं. आई रिकामा हंडा घेऊन काठाशी येऊन उभी राहिली.

“पोरं लई गुणाची हायेत गुरुजी,” पाटील म्हणाले. “फुडल्या सालीबी धाडा.”

“आणि पाणी?” गुरुजींनी विचारलं.

“तुमाला वढा हाय की.”

गरज सरो, वैद्य मरो. गुरुजी भांडले नाहीत. त्यांनी शिट्टी वाजवून आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाले, “सत्कृत्य झालं. गाठी सोडा.” मला पाटलांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

माझी गाठ चिखलानं आवळली होती, सुटेना. आईनं ती दातांनी सोडवली, तोंडात आलेला चिखल थुंकला आणि हंडा उचलून ओढ्याच्या वाटेला लागली.