उलटी बोंडं

सोनाळ्याची आमची वच्छलाकाकू म्हणजे विणकामाचं वेडच. कुणाच्या अंगात नव्या नमुन्याचा स्वेटर दिसला, की त्याला भर रस्त्यात उभं करून टाके मोजणार!

गुलाबी बोंडअळीच्या हिवाळ्यात तिनं महादेवकाकांसाठी स्वेटर विणायला घेतला. पहिल्यांदाच गळ्यापासून खाली विणलेला, छातीवर पांढरी बोंडं. पण खालून वर विणायच्या नेहमीच्या सवयीनं तिनं नक्षी देठापासून सुरू केली. देठ वर गेले, बोंडांची तोंडं खाली. काकू चिडून उसवायलाच बसली.

"काऊन उसवून राह्यली?" काकांनी विचारलं.

"डोये फुटले का? बोंडं उलटी आली!"

काकांनी स्वेटर ओढून घेतला. महिनाभर ते कापसाचं नावही काढत नव्हते. अळीनं पोखरलेली बोंडं झाडावरच वाळली होती, फुटलीच नव्हती.

"उलटी कायची? बोंड चांगलं फुटलं का कापसाच्या भारानं खालीच लवते. वावरात पाह्यलं नाही का कधी?"

दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर घालून ते कापसाची वाळलेली पऱ्हाटी उपटायला गेले. वाटेत कुणी हसलं, की छाती पुढे काढून म्हणायचे, "पाह्यून घे, यंदा एवढीच फुटली."