लाल कागदातलं प्रकाशन

परवा कपाट आवरताना चमकीचा लाल कागद हाती लागला, आणि सिंदी मेघेतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात रोज दुपारी येणाऱ्या काकू आठवल्या. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. मराठी माणसाला चिनी शिकवणारं पुस्तक लिहून वारले होते. चिनी उच्चार रोमन अक्षरांत, आणि सूर चढतो की उतरतो हे दाखवायला स्वरांवर बारीक रेघा. फाइल उघडली की रेघा गळायच्या. मी एकेक पुन्हा बसवायचो, आणि चिनीचं अक्षरही न येणाऱ्या काकू यजमानांच्या वहीशी ताडून पाहायच्या. "भाऊ, वहीत रेघ चढती हाय, तुमी उतरती टाकली." चाळीस पानं राहिली असतानाच वर्षश्राद्ध आलं. प्रकाशन त्याच दिवशी ठेवलेलं, पाहुणे ठरलेले, मांडव घातलेला. पुस्तक काढणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी सोयाबीनच्या किडींवरच्या जुन्या पुस्तिकेला नवं मुखपृष्ठ चढवलं आणि ती लाल कागदात बांधली. पाहुण्यांनी कागद सोडला, दोन पानं चाळली आणि ग्रंथ अभ्यासपूर्ण असल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मग प्रत काकूंच्या हातात आली. त्यांनी उघडली, खोडमाशीचं चित्र पाहिलं, मिटून मांडीवर ठेवली. मी खाली पडलेला कागद उचलून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू वही घेऊन हजर. "काकू, प्रकाशन तर झालं," मी म्हणालो. "झालं ना त्यायचं. आपलं राह्यलं," त्या म्हणाल्या, "लावा पुढचं पान." पुस्तक छापून आलं तेव्हा मांडव नव्हता. पहिली प्रत त्यांनी यजमानांच्या फोटोपुढे ठेवली, उघडी. परवा त्या लाल कागदाची घडी पुन्हा आत ठेवून मी कपाट लावून घेतलं.