जेसीबीने केलेला हल्ला

"आपल्यावर हल्ला झालाय आणि तुम्ही चहा पिताय?" पुण्याहून साहेब फोनवर विचारत होते.

मी खरंच चहा पीत होतो. लातूरच्या ट्यूशन एरियात, खणलेल्या नालीच्या काठावर बसून. नालीत आमची फायबर तुटून पडली होती.

मी तेव्हा एका इंटरनेट कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर होतो. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून प्रकाश धावतो आणि तुमचं नेट चालतं. तुटली तर दोन्ही टोकं वितळवून जोडतात. त्याला स्प्लायसिंग म्हणतात. ते काम आमचा दिगंबर करायचा.

हल्ल्याची बातमी साहेबांना सोशल मीडियावर मिळाली होती. 'यंत्रमुक्त वसुंधरा' नावाच्या ग्रुपवर आमच्या तुटलेल्या केबलचा फोटो होता. खाली मजकूर: 'आमच्या सैनिकांनी यंत्रराक्षसाची नस कापली. पुढचा नंबर टॉवरचा.' तो फोटो फॉरवर्ड होत सगळीकडे गेला होता, क्लासवाले घाबरले होते. हॉस्टेलच्या मुलांचे पालक गावाहून फोन करत होते.

"साहेब, जेसीबीने तुटली. ड्रायव्हर इथंच बसलाय."

"तो त्यांचा माणूस आहे का? विचारा."

मी विचारलं.

"न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "मी ठेकेदाराचा मानूस हाय."

यंत्रांविरुद्धची पहिली लढाई जेसीबीने जिंकून दिली होती.

दिगंबर त्याच ग्रुपवरच्या जुन्या पोस्ट वाचत होता. एक पोस्ट अशी होती: 'पृथ्वीवर माणसं जास्त झालीत. भूकंप ही तिची साफसफाई.' दिगंबरचं गाव भूकंपात गेलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याने फोन खिशात टाकला आणि काम सुरू केलं. त्या दिवशी त्याचा जॉइंट दोनदा फसला. असं कधी होत नसे.

लाइन जोडून झाली, तरी समोरच्या बिल्डिंगमधून एक तक्रार येतच होती. तिसरा मजला. 'नेट कधी येणार? फार अर्जंट आहे.' आम्ही वर गेलो. दार पन्नाशीतल्या एका गृहस्थांनी उघडलं. बायॉलॉजीचे सर. घरात एकटेच होते. राउटरची पिन सैल होती, दिगंबरने ती दाबली. नेट आलं आणि सरांच्या लॅपटॉपवर 'यंत्रमुक्त वसुंधरा' उघडलं. अ‍ॅडमिन म्हणून. खिडकीतून आमची नाली स्वच्छ दिसत होती.

"सर, हे तुम्ही चालवता?"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, क्लासने त्यांची लेक्चर्स रेकॉर्ड करून अ‍ॅपवर टाकली आणि त्यांना घरी बसवलं. "माझाच व्हिडिओ माझ्या जागी शिकवून राहिलाय." मग रिकामपणी त्यांना परदेशी ग्रुप सापडले. तिथलं लिहिलेलं ते मराठीत आणू लागले.

"सदस्य किती आहेत?"

"एकतीस. त्यातले नऊ मीच आहे."

दिगंबर अजून राउटरजवळ उकिडवा बसला होता. "सर, ते भूकंपाचं तुमीच लिवलं?"

"भाषांतर आहे ते."

"माजी आई अन् दोन बहिनी गेल्या. त्यातलं जास्तीचं कोन हुतं?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. मग ती पोस्ट काढून टाकली आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. फोटो टाकल्यावर लगेच एका अनोळखी सदस्याचा मेसेज आला होता: 'शाब्बास. टॉवर माझ्याकडे सोपवा. पत्ता पाठवा. वॉचमन किती असतात?'

"मी याला ओळखत नाही," सर म्हणाले. "मी नुसता लिहीत होतो. हा करणारा दिसतोय."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"ऑनलाइन तक्रार करत होतो. घरचं नेट तर केबलबरोबरच गेलं होतं. मोबाइलचा डेटा फोटो टाकण्यात गेला, उरलेला तेवढ्यात संपला."

पोलीस चौकी दोन गल्ल्या सोडून होती. तिथे चालत जाता येतं, हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही तिघं चालत गेलो.

तो सदस्य परराज्यात सापडला. त्याच्या खोलीत पेट्रोलचे कॅन होते आणि दोन टॉवरचे नकाशे. आमच्या टॉवरला काही झालं नाही. इन्स्पेक्टरांनी सरांकडून नऊच्या नऊ खाती समोर बसवून बंद करून घेतली. पुढे कित्येक महिने त्यांना चौकीत हजेरी द्यावी लागली. आता ते चाकूरजवळच्या एका शाळेत खडू-फळ्यावर शिकवतात. त्या शाळेला फायबर ओढायला दिगंबरच गेला होता. सर शिडी धरून उभे होते म्हणे.

दुसऱ्याने केलेल्या तोडफोडीचं श्रेय कधी घेऊ नये. ते खरं मानणारा कोणीतरी असतोच.